लिंकरला लायब्ररी सापडते कशी? .एसओ, सोनेम आणि व्हर्जनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रॅमांनी वापरायची तयार फंक्शनं, लिंकर ती प्रोग्रॅमला जोडतो, आणि .एसओ म्हणजे प्रोग्रॅम चालताना जोडली जाणारी लायब्ररी. खालचं सगळं लिनक्स, ग्लिबसी (तिथली मूळ सी लायब्ररी, हिलाच पुढे लिबसीही म्हटलं आहे) आणि ईएलएफ (प्रोग्रॅम आणि लायब्ऱ्या साठवायचा साचा) फाइलींबद्दल आहे. कमांडी आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर अर्थातच ती रोमनमध्ये द्यायची. उदाहरणाला बऱ्याच ठिकाणी झेडलिब (डेटा दाबून लहान करणारी लायब्ररी) घेतली आहे, कारण ती नसलेलं लिनक्स मशीन शोधूनच काढावं लागेल.

लिंकर एकच असतो ना?

नाही, दोन असतात, आणि निम्मा गोंधळ इथेच होतो. पहिला बिल्ड करताना चालतो. त्याचं नाव एलडी. जीसीसी हा कंपायलर त्याला आतून बोलावतो. दुसरा प्रोग्रॅम सुरू होताना चालतो. एक्स८६-६४ मशीनवर त्याची फाइल असते एलडी-लिनक्स-एक्स८६-६४.एसओ.२. त्याला डायनॅमिक लिंकर किंवा लोडर म्हणतात. तुमच्या बायनरीच्या (बांधून तयार झालेल्या प्रोग्रॅमच्या) आत या लोडरचा पूर्ण पाथ लिहिलेला असतो. कर्नल बायनरीसोबत त्यालाही मेमरीत आणतो आणि आधी त्याच्या हाती सूत्रं देतो. मग तो बाकीच्या लायब्ऱ्या गोळा करतो.

दोघांच्या शोधायच्या जागा वेगळ्या आणि शोधायचं नावही वेगळं. "अहो, कॅपिटल एलने पाथ दिला होता की!" हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. दिला होता, पण एलडीला (कॅपिटल एल हा त्याला डिरेक्टरी सांगायचा पर्याय). लोडरला कुणी सांगितलं?

कोण रडतंय ते एररवरून ओळखता येतं. "कॅनॉट फाइंड" आणि पुढे स्मॉल एलचं (हा एलडीकडे लायब्ररी मागायचा पर्याय) नाव असेल, तर तो एलडी. "कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल" असेल, तर तो लोडर.

एकाच लायब्ररीला तीन-तीन नावं कशाला?

झेडलिबचं उदाहरण घ्या. डिस्कवर लिबझेड.एसओ.१.२.११ ही खरी फाइल. लिबझेड.एसओ.१ हा तिच्याकडे बोट दाखवणारा सिमलिंक. आणि लिबझेड.एसओ हा आणखी एक सिमलिंक.

शेवटचं, बिनआकड्याचं नाव एलडीसाठी. मधलं, एकच आकडा असलेलं नाव लोडरसाठी. यालाच सोनेम म्हणतात. पूर्ण आकड्यांचं नाव माणसांसाठी आणि पॅकेज मॅनेजरसाठी. त्यातल्या १.२.११ कडे एलडी किंवा लोडर यांतलं कुणीही ढुंकून बघत नाही. उद्या तुम्ही त्या फाइलचं नाव बदलून लिबझेड.एसओ.गणपती केलंत आणि सिमलिंक तिकडे वळवला, तरी सगळे प्रोग्रॅम बिनतक्रार चालतील.

हे चालतं, कारण सोनेम हे फाइलच्या नावात नसून तिच्या पोटात असतं. लायब्ररी बांधताना ते आत कोरलं जातं. रीडएल्फ ही कमांड स्मॉल डी पर्यायासह चालवा, यादीत सोनेमची ओळ दिसेल. सिमलिंक ही नुसती दारावरची पाटी.

स्मॉल एल झेड लिहिलं की एलडी नक्की काय करतो?

कॅपिटल एलने दिलेल्या डिरेक्टऱ्या दिलेल्या क्रमाने, आणि त्यानंतर स्वतःच्या ठरलेल्या डिरेक्टऱ्या, अशी त्याची फेरी असते. प्रत्येक डिरेक्टरीत तो आधी लिबझेड.एसओ बघतो, ती नसेल तर लिबझेड.ए (बिल्डच्या वेळीच प्रोग्रॅममध्ये मिसळली जाणारी लायब्ररी), आणि मगच पुढच्या डिरेक्टरीत जातो. म्हणजे पहिल्या डिरेक्टरीत जुनी .ए पडलेली असेल आणि दुसरीत झकास .एसओ असेल, तर .ए जिंकते. याने एकदा माझी अख्खी दुपार खाल्ली आहे: एका जुन्या बिल्डची .ए फाइल कुणीतरी तशीच सोडली होती, आणि आम्ही .एसओमध्ये केलेली दुरुस्ती प्रोग्रॅममध्ये काही केल्या दिसेना.

फाइल सापडली की एलडी ती उघडतो, तिच्या पोटातलं सोनेम वाचतो आणि तेच तुमच्या बायनरीत "नीडेड" म्हणून लिहितो. तुम्ही लिहिलं स्मॉल एल झेड, त्याने उघडली लिबझेड.एसओ, पण बायनरीत नोंद झाली लिबझेड.एसओ.१ ची.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. कोणतं मेजर व्हर्जन लागणार हे बिल्डच्या क्षणी, त्या मशीनवर बिनआकड्याचा सिमलिंक कुठे वळलेला होता यावर ठरतं. नंतर तो सिमलिंक कितीही हलवा, आधी बांधलेल्या बायनरीला त्याचं सोयरसुतक नसतं.

लिबझेड.एसओ.१ समोर दिसतेय, तरी "कॅनॉट फाइंड" का येतं?

कारण एलडी ते नाव शोधतच नाही. त्याला बिनआकड्याचं नाव हवं, आणि ते डेव्ह पॅकेजमध्ये येतं. डेबियन आणि उबुंटूवर झेडलिब१जी-डेव्ह, फेडोराच्या घराण्यात झेडलिब-डेव्हेल. प्रोग्रॅम नुसता चालवायचा असेल तर हेडर फाइली आणि हा सिमलिंक लागत नाही, म्हणून ते वेगळे ठेवलेले असतात.

हाताने सिमलिंक करू नका. हेडर फाइली तरीही लागतीलच, मग पॅकेजच टाका. अगदीच अडलं असेल तर स्मॉल एलनंतर कोलन देऊन पूर्ण फाइलनाव लिहिता येतं. एलडी मग शब्दशः तीच फाइल शोधतो.

माझ्या लायब्ररीत सोनेमच दिलं नाही, तर?

मग एलडीला ज्या नावाने फाइल मिळाली तेच नाव तो बायनरीत लिहितो. स्मॉल एलने शोधली असेल तर फक्त फाइलनाव. पण तुम्ही बिल्ड/लिबमाझी.एसओ असा पाथ थेट दिला असेल, तर तो पाथ स्लॅशसकट आत जातो. आणि नावात स्लॅश दिसला की लोडर शोधाशोध करत नाही. तो पाथ जसाच्या तसा उघडतो, तोही तुम्ही ज्या डिरेक्टरीत उभे आहात तिथून. प्रोजेक्टच्या मुळापाशी उभं राहून चालवला तर चालतो, बाहेरून चालवला तर मरतो, असा भुताटकीसारखा प्रकार दिसला तर आधी हे तपासा.

लिबसी.एसओ एडिटरमध्ये उघडली तर मजकूर दिसला. फाइल बिघडली आहे का?

नाही, ती तशीच असते. ती सिमलिंक नसून लिंकर स्क्रिप्ट आहे, काही ओळींची. "खरी लिबसी.एसओ.६ घे, सोबत लिबसी_नॉनशेअर्ड.ए घे, आणि गरज पडली तर लोडरही जोड" एवढंच त्यात म्हटलेलं असतं.

प्रोग्रॅम सुरू होताना लोडर कुठे कुठे शोधतो?

या क्रमाने. बायनरीत आरपाथ असेल आणि रनपाथ नसेल (दोन्ही आत कोरलेले शोधायचे पाथ), तर आधी आरपाथ. मग एलडी_लायब्ररी_पाथ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. मग रनपाथ. मग /ईटीसी/एलडी.एसओ.कॅश ही फाइल. सगळ्यात शेवटी /लिब आणि /यूएसआर/लिब (६४-बिट मशीनवर त्यांची ६४वाली भावंडं). पहिली जुळणारी फाइल सापडली की शोध संपला. पुढे याहून नवी आहे का, हे तो बघत नाही.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एलडी_डीबग या व्हेरिएबलला "लिब्ज" अशी किंमत देऊन प्रोग्रॅम चालवा. कोणती लायब्ररी, कुठल्या डिरेक्टरीत, कुठल्या कारणाने शोधली हे ओळीओळीने छापलं जातं. मी हे वापरायला लागलो त्या दिवसापासून अंदाजपंचे सिमलिंक करणं बंद झालं.

सोर्समधून लायब्ररी टाकली, मेक इन्स्टॉल नीट झालं, तरी लोडरला सापडत नाही?

एलडीकॉन्फिग चालवलंत का? वर म्हटलेली कॅश फाइल तोच बनवतो. /ईटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ आणि त्याच्या .डी डिरेक्टरीतल्या फाइलींमधून तो डिरेक्टऱ्यांची यादी घेतो, तिथल्या लायब्ऱ्यांचं पोट तपासून सोनेम काढतो आणि त्या नावाचे सिमलिंक स्वतः तयार करतो. एकाच सोनेमच्या दोन फाइली असतील तर नव्या आकड्याच्या फाइलकडे वळवतो.

डेबियन आणि उबुंटूवर /यूएसआर/लोकल/लिब आधीपासून यादीत असतं. फेडोरा आणि रेड हॅटवर नसतं, तिथे एलडी.एसओ.कॉन्फ.डीमध्ये एक ओळीची फाइल टाकून मग एलडीकॉन्फिग चालवायचं. स्मॉल पी पर्यायाने कॅशमध्ये काय आहे ते दिसतं.

एलडी_लायब्ररी_पाथ बॅशआरसीत (शेल सुरू होताना वाचली जाणारी फाइल) टाकून मोकळं व्हायचं का?

नको. चाचणीपुरतं, त्या एका कमांडच्या आधी लिहा. बॅशआरसीत टाकलंत की तुमच्या शेलमधून सुटणारा प्रत्येक प्रोग्रॅम, गिटपासून पायथनपर्यंत, आधी तुमच्या डिरेक्टरीत डोकावणार. तिथे कधीकाळी टाकलेली जुनी लिबसीआरवायपीटीओ (कूटलेखनाची लायब्ररी) असेल तर एक दिवस एसएसएच बंद पडेल आणि कारण सापडणार नाही.

आणखी एक खोच. लोक "/ऑप्ट/माझं/लिब", मग कोलन, मग जुनी किंमत असं जोडतात. जुनी किंमत रिकामी असेल तर शेवटी नुसता कोलन उरतो, आणि रिकाम्या जागेचा अर्थ लोडर "सध्याची डिरेक्टरी" असा घेतो. म्हणजे तुम्ही डाउनलोड्समध्ये उभे असाल तर लायब्ऱ्या तिथेही शोधल्या जातील. सुरक्षेच्या दृष्टीने हे भयंकर आहे. सेटयूआयडी प्रोग्रॅमसाठी (जे फाइलच्या मालकाच्या अधिकाराने चालतात) लोडर या व्हेरिएबलकडे दुर्लक्ष करतो ते असल्या कारणांसाठीच.

मग आरपाथ द्यावा की रनपाथ?

दोन्ही बायनरीच्या आत कोरलेले पाथच. पण आरपाथ एलडी_लायब्ररी_पाथच्या आधी लागतो, म्हणून बाहेरून तो बदलता येत नाही. रनपाथ नंतर लागतो. शिवाय आरपाथ वारशाने पुढे जातो, रनपाथ जात नाही. तुमच्या बायनरीचा रनपाथ फक्त तिच्या थेट लायब्ऱ्यांसाठी. त्या लायब्ऱ्यांना ज्या लायब्ऱ्या लागतात त्यांनी आपापला रनपाथ आणायचा. थेट लायब्ररी सापडते आणि तिची लायब्ररी सापडत नाही, यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

प्रोग्रॅम आणि लायब्ऱ्या एकत्र झिप करून द्यायच्या असतील तर पाथमध्ये डॉलर ओरिजिन वापरा, म्हणजे "ही बायनरी जिथे आहे तिथून". शेलमध्ये तो एकेरी अवतरणात आणि मेकफाइलमध्ये दोन डॉलर देऊन लिहा, नाहीतर तो वाटेतच गायब होतो. तयार बायनरीतला पाथ बदलायला पॅचएल्फ आहे.

लिबएसएसएल.एसओ.१.१ नाही म्हणतोय. लिबएसएसएल.एसओ.३ कडे सिमलिंक केला तर चालेल?

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!

उबुंटू २२.०४ मध्ये ओपनएसएसएल (लिबएसएसएल ज्यातून येते ते कूटलेखनाचं सॉफ्टवेअर) ३ आलं आणि १.१ गेलं, तेव्हापासून हा जुगाड सगळीकडे सुचवला जातो. सिमलिंक केल्यावर लोडरला फाइल मिळते, एरर बदलते, आणि "प्रगती झाली" असं वाटतं. नवी एरर असते "व्हर्जन ओपनएसएसएल_१_१_० नॉट फाउंड". मेजर आकडा बदलला म्हणजे लेखकांनीच सांगितलं, की जुन्या प्रोग्रॅमला ही लायब्ररी चालणार नाही. फंक्शनं गेली असतील, स्ट्रक्चरची आतली मांडणी बदलली असेल. इथे निदान एरर तरी येते. ज्या लायब्ररीत सिम्बॉल व्हर्जन (प्रत्येक फंक्शनला दिलेलं व्हर्जनचं लेबल, पुढच्या प्रश्नात सविस्तर) नाहीत तिथे असा सिमलिंक चालून जातो, आणि तीन आठवड्यांनी डेटा सडलेला सापडतो.

प्रोग्रॅम नव्या लायब्ररीवर पुन्हा बांधा, किंवा जुना प्रोग्रॅम जुन्या कंटेनरमध्ये ठेवा.

"ग्लिबसी_२.३४ नॉट फाउंड" म्हणजे काय? लिबसी.एसओ.६ तर आहे!

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

लिबसीचं सोनेम ग्लिबसी २.० पासून, म्हणजे १९९७ पासून, लिबसी.एसओ.६ च आहे. इतक्या वर्षांत आत खूप काही बदललं, पण तो सहा हलला नाही. हलवला असता तर दर वेळी अख्खं लिनक्स वितरण (डिस्ट्रो) नव्याने बांधावं लागलं असतं. त्याऐवजी १९९९ च्या ग्लिबसी २.१ पासून प्रत्येक फंक्शनला स्वतःचं व्हर्जन द्यायची पद्धत आली. मूळ कल्पना सन कंपनीच्या सोलारिसवरून घेतलेली. एकाच लायब्ररीत एकाच नावाची दोन-तीन फंक्शनं सुखाने नांदतात, प्रत्येकाच्या मागे ॲट चिन्ह आणि व्हर्जनचं लेबल. एक ॲट असेल तर ते जुन्यांसाठी राखून ठेवलेलं. दोन ॲट असतील तर ते डिफॉल्ट, म्हणजे आज बिल्ड करणाऱ्याला तेच मिळणार.

बिल्ड करताना एलडी प्रत्येक सिम्बॉलचं डिफॉल्ट व्हर्जन बायनरीत नोंदवतो. प्रोग्रॅम सुरू होताना लोडर ही सगळी लेबलं समोरच्या लायब्ररीत आहेत का, हे आधीच तपासतो. एक जरी नसलं तर तिथेच थांबतो, मग ते फंक्शन तुम्ही कधी बोलवणार असा की नसा.

यातलं २.३४ खास आहे. ऑगस्ट २०२१ च्या या आवृत्तीत पीथ्रेड आणि डीएल या वेगळ्या लायब्ऱ्या लिबसीत विलीन झाल्या, आणि मेनच्या आधी चालणाऱ्या सुरुवातीच्या फंक्शनलाही, __लिबसी_स्टार्ट_मेनला, नवं लेबल मिळालं. हे फंक्शन प्रत्येक सी प्रोग्रॅममध्ये असतं. त्यामुळे उबुंटू २२.०४ वर, जिथे ग्लिबसी २.३५ आहे, "हॅलो" छापणारा चार ओळींचा प्रोग्रॅम बांधलात तरी तो २.३१ वाल्या उबुंटू २०.०४ वर चालत नाही. मी स्वतः लॅपटॉपवर बांधलेली बायनरी रात्री अकराला एका ग्राहकाच्या २.२८ वाल्या सर्व्हरवर टाकून तोंडघशी पडलो आहे. "नवं काही वापरलंच नाही हो" असं म्हणून उपयोग नसतो.

उपाय एकच: जिथे चालवायचं त्यातल्या सगळ्यात जुन्या ग्लिबसीवर बांधा. जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं. उलट चालेलच असं नाही. पायथनच्या तयार व्हील पॅकेजांचा मेनीलिनक्स हा प्रकार याच तत्त्वावर उभा आहे. मेनीलिनक्स२०१४ साठी सेंटओएस ७ आणि त्यातली ग्लिबसी २.१७ हा पाया ठरवला गेला. आणि चुकूनही नवी लिबसी.एसओ.६ उचलून जुन्या सर्व्हरवर टाकू नका. लोडर आणि लिबसी ही जोडी एकाच बिल्डची लागते. ती फुटली की साधं एलएससुद्धा चालत नाही, आणि दुरुस्त करायला लागणारं सीपीसुद्धा.

एकाच फंक्शनची दोन रूपं खरंच लागतात का?

मेमसीपीवाय हे मेमरीची नकल करणारं फंक्शन बघा. दोन्ही मेमरी पट्टे एकमेकांवर आलेले नसावेत अशी त्याची अट पहिल्यापासून आहे, पण पुष्कळ प्रोग्रॅम ती पाळत नव्हते आणि नशिबाने चालत होते. २०१० मध्ये ६४-बिट ग्लिबसीत वेगासाठी उलट्या दिशेने नकल करणारं रूप आलं, आणि फेडोरा १४ वर ॲडोबी फ्लॅशमधला आवाज खरखरायला लागला. चूक फ्लॅशची की ग्लिबसीची यावर कडाक्याचं भांडण झालं. लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हल्ड्सही त्यात उतरले. त्यांचं म्हणणं, वापरणाऱ्याला नियमाशी घेणं नाही, त्याला गाणं ऐकायचंय. मला तेच पटतं.

२०११ च्या ग्लिबसी २.१४ मध्ये तोड निघाली. मेमसीपीवायचं नवं, डिफॉल्ट रूप २.१४ च्या लेबलाने आलं, जुन्या २.२.५ लेबलामागे मेममूव्ह उभं केलं, जे एकमेकांवर आलेले पट्टेही नीट हलवतं. जुन्या बायनरींना जुनं वागणं, नव्यांना वेग. ऑब्जडम्पने कॅपिटल टी पर्यायासह लिबसी तपासलीत तर दोन्ही ओळी आजही दिसतील.

"नो व्हर्जन इन्फर्मेशन अव्हेलेबल" येतं, पण प्रोग्रॅम चालतो. सोडून देऊ?

ही नुसती ताकीद आहे. बिल्डच्या वेळी लायब्ररीत लेबलं होती. आता सापडलेल्या लायब्ररीत लेबलंच नाहीत, म्हणून लोडर डोळे मिटून नावावर जोडतो. म्हणजेच वितरणाची लायब्ररी सोडून दुसरीच कुठलीतरी प्रत उचलली गेली आहे. बहुतेकदा कुठल्यातरी व्यावसायिक सॉफ्टवेअरने सोबत आणलेली. सोडून देऊ नका, कोणती ते शोधा.

आमच्या लायब्ररीला आकडा कसा द्यायचा?

सोनेमचा आकडा फक्त एबीआय (बांधलेला प्रोग्रॅम आणि लायब्ररी यांच्यातला करार) मोडल्यावर वाढवा. फंक्शन काढलं, त्याचे पॅरामीटर बदलले, वापरणाऱ्याला दिसणाऱ्या स्ट्रक्चरमध्ये फील्ड घुसवलं, की वाढवायचा. नुसतं नवं फंक्शन आलं तर नाही. प्रॉडक्टचा मार्केटिंग आकडा २.० झाला म्हणून तर मुळीच नाही.

लिबटूल (लायब्ऱ्या बांधायचं साधन) वापरत असाल तर करंट, रिव्हिजन आणि एज असे तीन आकडे द्यावे लागतात, आणि ते फाइलच्या नावात तसेच्या तसे उतरत नाहीत. लिनक्सवर सोनेमचा आकडा म्हणजे करंट वजा एज. ७, २, ३ दिलेत तर फाइल होते .एसओ.४.३.२. हे पाहून प्रत्येक नवा माणूस दचकतो.

सोनेम तेच ठेवून पॅकेजचं नाव बदललेलं दिसतं. लिबएसएसएल३टी६४ हे काय?

२०३८ सालाची तयारी, त्या वर्षी ३२ बिटांत मोजलेली वेळ संपते. ३२-बिट मशीनांवर वेळ मोजायचा प्रकार ६४ बिटांचा केला की ज्या लायब्ऱ्यांच्या फंक्शनांत तो प्रकार येतो त्यांचा एबीआय बदलतो, पण मूळ लेखकांनी सोनेम बदललेलं नसतं. म्हणून डेबियनने पॅकेजच्या नावाला टी६४ जोडलं, म्हणजे जुनं आणि नवं एकत्र बसणार नाही. उबुंटू २४.०४ मध्येही तेच आलं. ६४-बिट मशीनवर आत काही बदललेलं नाही, नुसतं नाव लांबलं.

एलडीडी (बायनरीला लागणाऱ्या लायब्ऱ्या दाखवणारी कमांड) वापरणं सुरक्षित आहे ना?

स्वतःच्या बायनरीवर खुशाल. अनोळखी फाइलवर नको, कारण काही परिस्थितीत एलडीडी ती बायनरीच चालवू शकतो. तिथे ऑब्जडम्पला स्मॉल पी देऊन "नीडेड"च्या ओळी वाचा. त्याच यादीत खाली कोणत्या लायब्ररीकडून कोणती व्हर्जन लेबलं हवीत तेही येतं, आणि सर्व्हरवर काही टाकण्याआधी बघायचं असतं ते तेच.